‘मेक’च्या आधी की नंतर: परभणीकडच्या एका लॅबमधल्या फसलेल्या बिल्डचं प्रकरण

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी आमच्या भूगोल विभागाच्या लॅबमध्ये बाराही मशीनवर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडेना. आयकॉनवर क्लिक केलं की क्षणभर चक्र फिरायचं आणि पुढे काहीच नाही. शनिवारी दुपारपर्यंत सगळं नीट होतं. रविवारी कॉलेज बंद. मधल्या वेळात मशीनला हात लावला होता तो फक्त मी. शनिवारी संध्याकाळी घरी निघताना सगळ्या मशीनवर मी एक ओळ टाकली होती. तपास त्या ओळीपासून सुरू झाला, पण मूळ तिथे नव्हतं. ते तीन आठवडे मागे होतं, ‘मेक’ या सॉफ्टवेअर बांधणाऱ्या कमांडच्या आधी लिहिलेल्या एका व्हेरिएबलमध्ये.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, सॉफ्टवेअर बांधायची (याला बिल्ड म्हणतात) वेळ आमच्यासारख्या ठिकाणी वर्षा-दोन वर्षांतून एकदा येते, आणि त्या वेळी नेमक्या याच गोष्टी अडवतात. म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं सगळं लिहून ठेवतो आहे. व्हेरिएबलची आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. मशीनवर टाइप करताना ती रोमन लिपीत येतात, व्हेरिएबल बहुतेक मोठ्या अक्षरांत, आणि मी जिथे जोडरेघ दिली आहे तिथे अंडरस्कोर असतो.

काम काय होतं

आमच्या विभागातल्या मॅडम विहिरींवर काम करतात. विद्यार्थी गावोगावी जाऊन मोबाइलवर विहिरीची जागा नोंदवतात, मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी मोजतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर ज्या विहिरी दाखवलेल्या आहेत, त्यांच्याशी ही नोंद ताडून बघायची, असा तो प्रकल्प.

अडचण ही, की जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३०च्या गोलाभावर (पृथ्वीच्या गणिती आकारावर) बेतलेले आहेत आणि मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ हा जीपीएसचा गोलाभ बोलतो. दोन्हींचे अक्षांश-रेखांश दिसायला सारखे, पण रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर आपल्या भागात शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो. दीडशे मीटर म्हणजे दोन-तीन बांध. विहीर एका भावाच्या गटातून उचलून दुसऱ्याच्या गटात ठेवल्यासारखं होतं, आणि विहिरीवरून भावाभावांत काय होतं ते इथे कुणाला सांगायला नको. त्यात परभणी जिल्हा यूटीएमच्या, म्हणजे जगाचे उभे पट्टे पाडणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या, ४३व्या झोनमध्ये पूर्ण बसतो, पण नांदेड जिल्ह्यातलं किनवट ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पलीकडे आहे, म्हणजे ४४व्या झोनमध्ये. प्रकल्पात दोन्ही भागांतली गावं होती.

रूपांतराचं गणित करतं ते ‘प्रोज’. त्याच्या आधारावर नकाशांच्या फायली वाचतं-लिहितं ते ‘जीडाल’. क्यूजीआयएस या दोघांच्या खांद्यावर उभं आहे. आमच्या मशीनवर उबुंटू २२.०४ आहे, त्यात प्रोज ८.२.१ आणि जीडाल ३.४.१ येतं. मॅडमच्या स्क्रिप्टला त्याहून नवं जीडाल हवं होतं. परीक्षा तोंडावर असताना बारा मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला मी तयार नव्हतो. मग ठरलं, की नवं जीडाल सोर्समधून बांधून ‘/ऑप्ट/भूगोल’ या वेगळ्या फोल्डरात ठेवायचं. हे फोल्डर एका मशीनवर आहे आणि नेटवर्कवरून बाकीच्या अकरांवरही त्याच नावाने दिसतं.

बांधायचं काम एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने अंगावर घेतलं. किनवट तालुक्यातला मुलगा, चिकाटीचा. नवं घ्यायचं तर सगळंच नवं, असं म्हणून त्याने तीन गोष्टी घेतल्या: एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, प्रोज ९.४ आणि जीडाल ३.९. प्रोजला एसक्यूलाइट लागतंच, कारण त्याची सगळी माहिती ‘प्रोज.डीबी’ नावाच्या एसक्यूलाइट फायलीत असते.

बिल्डमध्ये चालतं, इन्स्टॉल केल्यावर चालत नाही

कंपाइलचा, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवण्याचा, भाग लवकर सांगून टाकतो. आमच्या मशीनला ८ जीबी मेमरी आहे. त्याने एकाच वेळी आठ कामं लावली, तेव्हा जीडालच्या मोठ्या सी-प्लस-प्लस फायलींनी मेमरी खाऊन टाकली आणि कंपायलर ‘किल्ड’ म्हणून मेला. मेकला सूचना देणाऱ्या मेकफ्लॅग्जमध्ये ‘-जे२’, म्हणजे एका वेळी दोनच कामं, असं दिलं आणि काम मार्गी लागलं. दुपारी वावटळ सुटली, लाइट गेली, इन्व्हर्टर तासाभरात बसला. लाइट आल्यावर पुन्हा ‘मेक’ म्हटलं की ते अर्ध्यावरून पुढे जातं. १९७६मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने ‘मेक’ लिहिलं ते बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून जाऊ नये म्हणून, पण झालेलं काम ते पुन्हा करत नाही हाही त्याचाच गुण. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात त्या गुणाची किंमत कळते.

खरी पहिली गाठ पुढे आली. शनिवारी चारच्या सुमारास तो माझ्या टेबलापाशी आला.

“सर, बिल्डच्या फोल्डरात चालायलंय की. इन्स्टॉल केल्यावरच कामून चालंना?”

मी जाऊन बघितलं. बिल्ड फोल्डरमधलं ‘जीडालइन्फो’ चालवलं, बरोबर उत्तर दिलं. ‘/ऑप्ट/भूगोल/बिन’मधलं तेच ‘जीडालइन्फो’ चालवलं, तर म्हणालं की ‘लिबजीडाल.एसओ.३५’ ही फाइल सापडत नाही. फाइल शेजारच्याच ‘लिब’ फोल्डरात होती.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण सीमेक या बांधणीच्या साधनाने बांधलेलं काहीही घरच्या फोल्डरात इन्स्टॉल करणाऱ्याला हे एकदा तरी भेटतं. प्रोग्रॅम सुरू होताना लिनक्सचा लोडर त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडच्या सामायिक फायली, शोधतो. कुठे शोधायचं, याचा एक पत्ता प्रोग्रॅमच्या पोटातच लिहून ठेवता येतो, त्याला आरपाथ म्हणतात. सीमेक बिल्ड करताना बिल्ड फोल्डरांचे पूर्ण पत्ते त्यात आपणहून लिहितं, म्हणून तिथे सगळं चालतं. पण इन्स्टॉल करताना ते पत्ते पुसून टाकतं आणि त्या जागी सीमेक-इन्स्टॉल-आरपाथमध्ये तुम्ही जे दिलं असेल ते ठेवतं. काही दिलं नसेल तर जागा रिकामी. हे सीमेकचं चुकत नाही. बिल्ड फोल्डर उद्या पुसलं जाणार, त्याचा पत्ता घेऊन फिरणारा प्रोग्रॅम कुणाच्या कामाचा? सॉफ्टवेअर शेवटी कुठे राहणार ते सांगायची जबाबदारी बांधणाऱ्याची असते, आणि ती आमच्याकडून राहिली होती.

त्या दिवशी मला हे उमगलं नाही. साडेपाच वाजले होते, मॅडमना सोमवारी काम सुरू करायचं होतं. मला आठवला तो सगळ्यांना आठवतो तोच उपाय: एलडी-लायब्ररी-पाथ. ‘/ऑप्ट/भूगोल/लिब’ हा पत्ता त्या व्हेरिएबलमध्ये घालणारी ओळ मी ‘/ईटीसी/प्रोफाइल.डी’मधल्या एका फायलीत लिहिली आणि बाराही मशीनवर पाठवली. जीडालइन्फो चाललं. मुलाच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. आम्ही लॅबला कुलूप लावलं.

सोमवार

क्यूजीआयएस टर्मिनलवरून उघडलं तेव्हा खरं कारण दिसलं. ‘सिम्बॉल लुकअप एरर’. सिस्टिमचं स्वतःचं लिबजीडाल, आवृत्ती ३०, सांगत होतं की ‘एसक्यूलाइट३-कॉलम-टेबल-नेम’ नावाचं फंक्शन कुठेच नाही.

जीडाल दोन आवृत्त्यांची असली तरी त्यांची भांडणं नव्हती. जुन्याचं फाइलनाव ३०वर संपतं, नव्याचं ३५वर, आणि लोडर दोन्ही वेगळी ओळखतो. प्रोजचंही तसंच, जुनं २२, नवं २५. पण एसक्यूलाइटचं नाव वर्षानुवर्षं एकच आहे: ‘लिबएसक्यूलाइट३.एसओ.०’. एलडी-लायब्ररी-पाथ म्हणजे लोडरला सांगणं की सगळ्यात आधी इथे बघ. आणि हे तो फक्त आपल्या जीडालसाठी ऐकत नाही, त्या मशीनवर सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठी ऐकतो. क्यूजीआयएसला सिस्टिमचं एसक्यूलाइट हवं होतं, मिळालं आमचं. आमच्यात ते फंक्शन नव्हतं.

‘एनएम -डी’ ही कमांड लायब्ररीत कोणकोणती फंक्शनं बाहेरच्यांसाठी उघडी आहेत ते दाखवते. सिस्टिमच्या एसक्यूलाइटवर चालवली, नाव सापडलं. आमच्यावर चालवली, त्या नावाची एक ओळसुद्धा आली नाही.

हे फंक्शन एसक्यूलाइटमध्ये आपोआप येत नाही. कंपाइल करताना ‘कॉलम मेटाडेटा चालू’ असं सांगणारी खूण सी-फ्लॅग्ज या कंपायलरला सूचना देणाऱ्या व्हेरिएबलमध्ये द्यावी लागते. मी मुलाला विचारलं, दिली होती का?

“दिली की सर. वाचून दिलीय. हे बघा.”

त्याने कमांडची हिस्टरी दाखवली. खरंच दिली होती:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/भूगोल
सी-फ्लॅग्ज="कॉलम मेटाडेटाची खूण" मेक

मग आम्ही ‘कॉन्फिग.लॉग’ उघडलं. कॉन्फिगर ही बांधणीची तयारी करणारी स्क्रिप्ट. ती कोणत्या शब्दांत चालवली होती ते या फायलीत अगदी सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं असतं. तिथे फक्त प्रीफिक्स होतं, सी-फ्लॅग्ज नाही. आणि त्यातून तयार झालेल्या मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकसाठीच्या सूचनांच्या फायलीत, स्वच्छ लिहिलेलं होतं: सी-फ्लॅग्ज बरोबर ‘-जी -ओ२’. म्हणजे डीबगची माहिती आणि नेहमीचं ऑप्टिमायझेशन, बस्स. त्याने दिलेली खूण कंपायलरपर्यंत पोचलीच नव्हती.

गोम इथे आहे. ‘मेक’च्या आधी लिहिलेलं व्हेरिएबल हे एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे टर्मिनलच्या वातावरणातलं, व्हेरिएबल होतं, आणि मेकफाइलमध्ये त्याच नावाला किंमत दिलेली असेल तर मेक मेकफाइलचं ऐकतं. तेच व्हेरिएबल ‘मेक’च्या नंतर, त्याच ओळीवर लिहिलं असतं, तर ते मेकफाइलवर मात करतं. शब्द तेच, किंमत तीच, फक्त जागा इकडची तिकडे, आणि लायब्ररी वेगळीच. आणि कॉन्फिगरच्या वेळी दिलं असतं तर आणखी बरं, कारण कॉन्फिगर ती किंमत मेकफाइलमध्येच लिहून ठेवतं. मग नंतर कितीही वेळा ‘मेक’ म्हणा, विसर पडत नाही.

मेकने कसलाच इशारा दिला नाही. एन्व्हायर्नमेंटमध्ये आपण वापरलं नाही असं एखादं व्हेरिएबल आहे, हे सांगणं त्याचं कामच नाही.

माझे वडील शेती करायचे. बियाणं चांगलं, पाऊसही झालेला, तरी ते दोन-दोन दिवस पेरणी थांबवायचे. वापसा आला नाही म्हणायचे. काळ्या रानात वापसा येण्याआधी तिफण घातली की दाणा चिखलात कोंडतो. उशीर केला तर वरचा थर वाळून बी उगवत नाही. या मुलाने बी बरोबर निवडलं होतं. दस्तऐवज वाचले होते, नेमकी खूण शोधून काढली होती. पेरलं मात्र वापसा निघून गेल्यावर, कॉन्फिगर होऊन गेल्यावर. बिल्डमधल्या प्रत्येक व्हेरिएबलला असा वापसा असतो, हे मी त्या दिवशी त्याला समजावताना स्वतःही पहिल्यांदा नीट समजून घेतलं.

मग आम्ही फळ्यावर चार रकाने आखले: कॉन्फिगर, कंपाइल, इन्स्टॉल, चालवणं. आणि आजवर वापरलेलं प्रत्येक व्हेरिएबल त्याच्या रकान्यात घालायला सुरुवात केली. सीसी (कंपायलरचं नाव), सी-फ्लॅग्ज, एलडी-फ्लॅग्ज (लायब्ऱ्या जोडणाऱ्या लिंकरला सूचना) आणि प्रीफिक्स पहिल्यात. मेकफ्लॅग्ज दुसऱ्यात. एलडी-लायब्ररी-पाथ चौथ्यात. डेस्टडिर तिसऱ्यात, आणि तिथे बराच वेळ गेला, कारण त्याची आणि प्रीफिक्सची गल्लत आमच्याकडे आधीही झालेली आहे. प्रीफिक्स म्हणजे सॉफ्टवेअर शेवटी कुठे राहणार. ते कॉन्फिगरच्या वेळी ठरतं आणि पुष्कळदा प्रोग्रॅमच्या आत कोरलं जातं. डेस्टडिर म्हणजे इन्स्टॉल करताना त्या सगळ्या पत्त्याच्या पुढे तात्पुरतं जोडलेलं फोल्डर. ते प्रोग्रॅमला कधी कळत नाही. ‘/ऑप्ट/भूगोल’ हे प्रीफिक्स आणि ‘/टेम्प/पाहणी’ हे डेस्टडिर दिलं तर फायली ‘/टेम्प/पाहणी/ऑप्ट/भूगोल’मध्ये पडतात, आणि नंतर तिथून खऱ्या जागी हलवता येतात. प्रीफिक्सच ‘/टेम्प/पाहणी’ दिलं तर हलवल्यावर प्रोग्रॅम आपली डेटा-फाइल ‘/टेम्प’मध्ये शोधत बसतो.

सीमेकचा रकाना भरताना मुलाने स्वतःच्या आणखी एका घटनेची आठवण सांगितली. जीडाल पहिल्यांदा कॉन्फिगर केलं तेव्हा त्याला सिस्टिमचं प्रोज ८.२.१ सापडलं. मग त्याने सीमेक-प्रीफिक्स-पाथमध्ये नव्या प्रोजचा पत्ता दिला, पुन्हा चालवलं, तरी ८.२.१च. तासभर डोकं खाजवून त्याने फोल्डर नवं घेतलं आणि मग झालं. कारण तेच. पहिल्या फेरीत सापडलेला प्रोजचा पत्ता सीमेक ‘सीमेककॅश.टीएक्सटी’मध्ये लिहून ठेवतं आणि नंतरच्या फेरीत पुन्हा शोधत नाही. सीसी आणि सी-फ्लॅग्जही एन्व्हायर्नमेंटमधून ते पहिल्याच फेरीत घेतं. आवृत्ती ३.२४पासून ‘--फ्रेश’ असा पर्याय आहे, पण उबुंटू २२.०४मध्ये सीमेक ३.२२ येतं. तिथे जुनं बिल्ड फोल्डर पुसून नवं घेणं हाच सरळ मार्ग.

प्रोज.डीबी दुसऱ्याच घरची

सोमवारी दुपारी मी प्रोफाइल.डीमधली ओळ सगळीकडून काढली. लॉगआउट-लॉगइन केल्यावर क्यूजीआयएस पूर्ववत झालं. मॅडमचा वर्ग निभावला. नवं जीडाल मात्र पुन्हा बंद, आणि आता ते फक्त एका टर्मिनलपुरतं एलडी-लायब्ररी-पाथ देऊन तपासायचं ठरवलं. तेव्हा अजून एक गोष्ट उघडी पडली, जी शनिवारच्या आनंदात कुणी तपासलीच नव्हती. जीडालइन्फोला नुसती आवृत्ती विचारली तर सांगत होतं, पण नव्या जीडालला एखाद्या नकाशाचं रूपांतर करायला सांगितलं की प्रोज तक्रार करायचं: या प्रोज.डीबीची रचना अपेक्षेपेक्षा जुनी आहे, ती दुसऱ्या प्रोज इन्स्टॉलेशनमधून आलेली आहे.

मला हा संदेश फार आवडतो. लिहिणाऱ्याने समोरच्या माणसाचा विचार करून लिहिला आहे. नुसतं ‘चूक’ म्हणून थांबत नाही, कुठे बघायचं ते सांगतो.

दुसरं इन्स्टॉलेशन म्हणजे सिस्टिमचं ८.२.१. पण प्रोज ९.४ स्वतःच्या लायब्ररीच्या शेजारच्या ‘शेअर/प्रोज’ फोल्डरात प्रोज.डीबी शोधतं, आणि ती तिथे होती. मग सिस्टिमची का उचलली? उत्तर ‘/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट’मध्ये सापडलं. काही वर्षांपूर्वी, आधीच्या एका कामासाठी, प्रोज-लिब या व्हेरिएबलमध्ये ‘/यूएसआर/शेअर/प्रोज’ हा पत्ता मीच घातला होता. काम संपलं, ओळ राहिली. प्रोज ९.१पासून या व्हेरिएबलचं नाव प्रोज-डेटा झालं आहे, पण नवं नाव दिलेलं नसेल तर जुनं अजूनही वाचलं जातं. आणि व्हेरिएबलमध्ये दिलेला पत्ता शेजारच्या फोल्डरच्या आधी बघितला जातो. सिस्टिमच्या प्रोजला त्या ओळीने काहीच फरक पडत नव्हता, म्हणून ती इतकी वर्षं कुणाला टोचली नाही. चूक माझी होती आणि ती मुलाच्या माथी लागत होती. तो दोन दिवस आपल्याच बिल्डमध्ये दोष शोधत होता.

वाहून गेलेला इशारा

दोष त्याच्या बिल्डमध्येही एक होता, पण वेगळा. पुन्हा बांधण्याआधी मी त्याला म्हटलं, या वेळी सगळा आउटपुट फायलीत घे आणि ‘वॉर्निंग’ शब्द शोध. हजारो ओळींत लिंकरची एक ओळ सापडली: ‘लिबजिओटिफला लागणारं लिबप्रोज.एसओ.२२, लिबप्रोज.एसओ.२५शी भांडू शकतं’.

म्हणजे असं, की नवं जीडाल नव्या प्रोजशी जोडलं गेलं, पण नकाशाच्या टिफ फायलींसाठी त्याने सिस्टिमचं लिबजिओटिफ घेतलं, आणि ते जुन्या प्रोजशी जोडलेलं आहे. एका प्रोसेसमध्ये दोन प्रोज, दोन्हींत फंक्शनांची नावं तीच. कोण कुणाचं फंक्शन बोलावेल ते नशिबावर. कधी चालेल, कधी मध्येच कोसळेल, आणि आमच्या कामात सगळ्यात वाईट म्हणजे चालेल आणि संशय येणार नाही. कोणत्या लायब्ऱ्या जोडल्या जातात ते दाखवणारं ‘एलडीडी’ चालवलं तर नव्या जीडालखाली दोन्ही प्रोज शेजारी शेजारी उभी होती. शनिवारी एलडीडीचा आउटपुट मी बघितला असता तर तिथेच दिसलं असतं.

बिल्ड यशस्वी झालं की लोक वरचा आउटपुट वाचत नाहीत. आमच्या लॅबमध्ये आता तो वाचल्याशिवाय इन्स्टॉल होत नाही.

पुन्हा बांधणी

एसक्यूलाइट वगळलं. सिस्टिममधलं ३.३७ प्रोजला पुरेसं आहे आणि त्यात कॉलम मेटाडेटा आहे. स्वतः बांधलेली प्रत्येक लायब्ररी म्हणजे पुढे सांभाळायची एक गोष्ट, त्यामुळे सिस्टिमची चालते तिथे सिस्टिमचीच घ्यावी, असं माझं मत या प्रकरणाने पक्कं झालं. मुलाला ते पूर्ण पटलेलं नाही.

प्रोज आणि जीडाल दोन्ही नव्या, रिकाम्या बिल्ड फोल्डरात. सीमेक-इन्स्टॉल-प्रीफिक्स ‘/ऑप्ट/भूगोल/जीडाल३९’, म्हणजे नावातच आवृत्ती, पुढच्या वर्षी नवं आलं तर ते शेजारी राहील, यावर पडणार नाही. जीडालला सीमेक-प्रीफिक्स-पाथमध्ये तोच पत्ता पहिल्याच फेरीत दिला, आणि कॉन्फिगरच्या सारांशात प्रोजचा कोणता पत्ता छापला ते बोट ठेवून वाचलं. जीडालच्या सोर्समध्ये जिओटिफची स्वतःची प्रत येते. तीच वापर असं सांगितलं. स्पॅशियालाइट ही एसक्यूलाइटची नकाशांसाठीची जोड, तीही जुन्या प्रोजशी बांधलेली, आणि आम्हाला त्याची गरज नाही, म्हणून बंद केलं.

सीमेक-इन्स्टॉल-आरपाथमध्ये दिलं ‘$ओरिजिन/../लिब’. ओरिजिन म्हणजे ती फाइल जिथे असेल तो फोल्डर, त्यामुळे बिनमधला प्रोग्रॅम शेजारच्या लिबमध्ये बघतो आणि लिबमधलं जीडालही त्याच लिबमध्ये प्रोज शोधतं. दोघांनाही पत्ता द्यावा लागतो, कारण आजकाल लिंकर हा पत्ता ज्या ‘रनपाथ’ रूपात लिहितो तो फक्त थेट गरजेच्या लायब्ऱ्यांपुरता चालतो, नातवंडांपर्यंत जात नाही. इथे एक बारीक काटा आहे. ही किंमत एकेरी अवतरणात द्यावी लागते. दुहेरी अवतरणात दिली की शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम, ‘$ओरिजिन’ला आपलं व्हेरिएबल समजतं, तसं काही नसल्याने तिथे रिकामं ठेवतं, आणि आत कोरलं जातं नुसतं ‘/../लिब’. पहिल्या फेरीत आमचं तेच झालं. फायलीच्या आत काय कोरलं आहे ते दाखवणाऱ्या ‘रीडएल्फ -डी’ने बघितलं म्हणून कळलं. साध्या मेकफाइलमध्ये हेच लिहायचं असेल तर डॉलर दोनदा द्यावा लागतो, कारण तिथे मेकसुद्धा एक डॉलर खातं.

इन्स्टॉल आधी डेस्टडिर देऊन बाजूला केलं, फायलींची यादी डोळ्यांखालून घातली, मग खऱ्या जागी. एलडी-लायब्ररी-पाथ कुठेच नाही. प्रोज-लिबची जुनी ओळ बाराही मशीनवरून काढली. ज्याला नवं जीडाल हवं त्याच्यासाठी एक छोटी फाइल ठेवली, ती फक्त पाथमध्ये एक फोल्डर पुढे जोडते आणि त्या टर्मिनलपुरतीच राहते.

तपासणी शेवटी अशी केली, की ‘एन्व्ह -आय’ने सगळं एन्व्हायर्नमेंट रिकामं करून जीडालइन्फो पूर्ण पत्त्याने चालवलं. कोणाच्याही प्रोफाइलमधली कोणतीही ओळ तिथे पोचत नाही. चाललं. एलडीडीत प्रोज एकच, २५. टिफ नकाशाचं रूपांतर झालं, तक्रार नाही. त्याच मशीनवर त्याच वेळी क्यूजीआयएसही उघडं होतं. मग बाराही मशीनवर हेच एकेक करून बघितलं. त्यात दुपार गेली, ४३ अंशांत पंखे गरम हवा फिरवत होते, पण ती दुपार खर्च करायलाच हवी होती.

फळ्यावरचे चार रकाने मी पुसू दिले नाहीत. नंतर ते कागदावर उतरवून दाराच्या आत चिकटवले. नवं काही बांधायचं असलं की मुलं आधी आपलं व्हेरिएबल त्यात शोधतात, नसलं तर ‘सर, हे कोणत्या वापशाचं?’ असं विचारतात. हा शब्द आता लॅबमध्ये रुळला आहे.

जूनमध्ये पाऊस लागला आणि तो मुलगा पेरणीला गावी गेला. जाताना जुन्या नकाशावरून काढलेल्या आणि नव्या जीडालने रूपांतर केलेल्या गावातल्या सहा विहिरींच्या जागा मोबाइलमध्ये घेऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

“सर, विहीर आमच्याच गटात आली. दुसरीबी बरोबर हाय, काकाच्या बांधावर लिंबाखाली.”

मी विचारलं, झोन कोणता दिला होतास?

“चव्वेचाळीस, सर.”